मुलांना घेऊन इस्लामी कलेच्या संग्रहालयात: आधी कंपासपेटी काढा

तुमचा प्रश्न मला कळला तो असा. दिवाळीच्या सुट्टीत तुम्ही पुण्याहून दोहाला नणंदेकडे जाणार आहात. बरोबर दहा वर्षांचा मुलगा आणि सहा वर्षांची मुलगी. तिथलं इस्लामी कलेचं संग्रहालय बघायची तुमची फार इच्छा आहे, पण नवरा म्हणतो पोरं दहा मिनिटांत कंटाळतील, सासूबाई म्हणतात त्यांना त्यातलं काय कळणार आणि कशाला कळायला हवं. आणि तुम्हाला स्वतःला धास्ती, की मुलांनी काही विचारलं आणि सांगता आलं नाही तर?

गेली एकोणीस वर्षं मी पुण्यात मुलांना संग्रहालयं आणि जुन्या इमारती दाखवायचं काम करते. दोहाचं हे संग्रहालय दोनदा पाहिलंय, त्यातलं एकदा भाचरांना घेऊन. त्यामुळे थोडं लांबण लावते.

मला यातली तुमची धास्तीच जास्त महत्त्वाची वाटते. धास्ती असली की आपण आदल्या रात्री जागून सगळं वाचून काढतो आणि दुसऱ्या दिवशी ते मुलांच्या डोक्यावर ओततो. मीही हेच केलं होतं. सुरुवातीच्या वर्षांत बत्तीस मुलांचा गट घेऊन एका दुसऱ्या शहरातल्या संग्रहालयात गेले होते. उमय्यद, अब्बासी, फातिमी, मामलुक, सगळी घराणी क्रमानं पाठ करून. माझं तिसरं घराणं चालू असताना एका मुलानं काचेला तोंड लावून वाफ सोडली आणि बोटानं त्यात काहीतरी काढायला लागला. रखवालदार खेकसला, मीही दटावलं. मुलं पुढे गेल्यावर काच पुसायला वाकले तेव्हा दिसलं: आतल्या थाळीवर लांब कानांचा एक ससा होता आणि पोरानं तोच काढला होता. त्या दिवशी बत्तीस जणांत वस्तूकडे नीट बघितलेला तो एकटाच. घराण्यांची यादी तेव्हापासून मी घरी ठेवते.

आता काय कशावर अवलंबून आहे, ते आधी सांगते. तुमची मुलगी दुपारी झोपते का, दोघं चित्रं काढतात का, मंद उजेडाच्या खोलीत ती घाबरते का, हे मला माहीत नाही. सहा वर्षांच्या मुलांना अंधारी दालनं खरंच आवडत नाहीत. तिला आधीच सांगून ठेवा की जुना कागद आणि रेशीम उजेडानं विटतं, आपल्या खिडकीतले पडदे विटतात तसं, म्हणून तिथे दिवे मंद ठेवतात. संग्रहालयात अशा वस्तूंवर साधारण 50 लक्सच (लक्स हे उजेडाचं माप) उजेड पडू देतात. कारण कळलं की भीती बरीच कमी होते, निदान माझ्या अनुभवात.

तयारी पुण्यातच करा आणि ती कंपासपेटीपासून करा. वहीच्या शेवटच्या पानावर कंपासनं वर्तुळ काढायचं, तेवढंच अंतर ठेवून परिघावर टोक टेकवत फिरायचं आणि सहा पाकळ्यांचं फूल काढायचं. तुमच्या मुलाला हे येत असेलच, शाळेत कंटाळलेलं प्रत्येक पोर हे काढतं. त्याला सांगा की स्पेनपासून भारतापर्यंत भिंतींवर, दारांवर, पुस्तकांच्या पहिल्या पानांवर जी षट्कोनी नक्षी दिसते तिचा पाया हाच आहे. मग एक चौकोन काढून त्यावर दुसरा तिरका ठेवायला सांगा. आठ टोकांची चांदणी तयार होते. एवढ्या दोन आकृत्या हातानं काढून झालेलं मूल संग्रहालयात वेगळ्या डोळ्यांनी फिरतं, कारण त्याला ओळखीचं काहीतरी सापडत राहतं.

मुलीला कंपास जमणार नाही, तर तिच्याकडून ठिपक्यांची रांगोळी काढून घ्या. दिवाळी आहेच. हे मला एका नऊ वर्षांच्या मुलीनं शिकवलं. आम्ही एका लाकडी दारापुढे उभे होतो, चांदण्या आणि बहुकोन एकमेकांत गुंतलेले. ती बराच वेळ बघत राहिली आणि म्हणाली, "काकू, यांनी ठिपके पुसून टाकलेत." अगदी बरोबर. कारागीर आधी वर्तुळं आणि रेषांचं जाळं आखायचे, त्यावर नक्षी बसवायचे, आणि मग ते जाळं नाहीसं व्हायचं. इस्तंबूलच्या तोपकापी राजवाड्यात जवळजवळ 30 मीटर लांबीची एक गुंडाळी आहे, 114 आकृत्यांची. तिच्यात शाईच्या रेषांखाली नुसत्या टोकानं ओरखडलेल्या, शाई न भरलेल्या रेषा आहेत. म्हणजे पुसलेले ठिपकेच. तेव्हापासून मी कुठल्याही नक्षीपुढे मुलांना एकच प्रश्न विचारते: ठिपके कुठे होते?

निघायच्या आधीच्या रविवारी केळकर संग्रहालयात जाऊन या. दिनकर केळकरांनी आपल्या लहानपणी गेलेल्या मुलाच्या, राजाच्या, नावानं उभं केलेलं हे संग्रहालय. वीस हजारांहून जास्त वस्तू आहेत, त्यातल्या थोड्याच मांडलेल्या असतात. तिथे कोथरूडहून आणून पुन्हा उभारलेला मस्तानी महाल आहे. (तुमची मुलगी "इथे मस्तानी मिळते का?" असं विचारेल. दर वेळी कोणीतरी विचारतंच. बाहेर पडल्यावर पाजा एक, हरकत नाही.) तिथे आम्ही 'दाणी'चा खेळ खेळतो. फारसीत 'दान' हा प्रत्यय एखादी गोष्ट ठेवायच्या जागेला लागतो. अत्तरदाणी, गुलाबदाणी, फुलदाणी, पीकदाणी, जितक्या सापडतील तितक्या शोधायच्या. एका मुलानं विचारलं, मग मच्छरदाणीत मच्छर ठेवतात का? त्यावर बाकीचे इतके हसले की पुढची पाच मिनिटं माझ्या ताब्यात कोणी नव्हतं. पण त्या हसण्यात एक गोष्ट डोक्यात बसते: दोहातल्या वस्तू वाटतात तितक्या परक्या नाहीत. कागद, कलम, दौत, शाई, गालिचा, नक्षी, हौद, अत्तर, अगदी पेशवा हा शब्दसुद्धा अरबी-फारसीतून मराठीत आलाय. शिवाजी महाराजांनी अशा शब्दांना संस्कृत पर्याय देणारा राज्यव्यवहारकोश करवून घेतला तो दरबारी भाषेत हे शब्द फार झाले होते म्हणूनच. तुमच्या मुलाला चौथीत महाराजांचा इतिहास झालेला असेल, त्याला हे सांगा.

आता दोहा. तिथली दालनं भरपूर आहेत आणि सगळी बघायचा हट्ट धरू नका. चार किंवा पाच वस्तू आणि सव्वा तास, एवढंच ठरवा. मांडणी बदलत असते, एखादी वस्तू बाहेर प्रदर्शनाला गेलेली असू शकते, म्हणून आदल्या दिवशी संकेतस्थळावर बघून घ्या. शुक्रवारची वेळ वेगळी असते आणि आठवड्याची सुट्टीही तिथेच कळेल.

पहिली वस्तू म्हणजे खुद्द इमारत, आणि ती बाहेरूनच बघा. पॅरिसच्या लूव्हरच्या अंगणातला काचेचा पिरॅमिड ज्यांनी केला त्या आय. एम. पेईंनी ही बांधली. 2008 मध्ये ती उघडली तेव्हा ते 91 वर्षांचे होते, हे आजी-आजोबांना जरूर सांगा. पेई इस्लामी वास्तुकला बघत बरंच हिंडले आणि कैरोच्या इब्न तुलून मशिदीपाशी त्यांना हवं ते सापडलं. तिथल्या अंगणात नमाजाआधी हातपाय धुण्याचा हौद आहे आणि त्यावर तेराव्या शतकातली घुमटी. खाली चौकोन, वर अष्टकोन, त्यावर गोल. दोहाची इमारत याच आकारांशी खेळते. कंपासनं चांदणी काढलेल्या मुलाला इथे काही समजावून सांगावं लागत नाही, तो बोट दाखवून मोजतो. विजापूरला गेला असाल तर गोलघुमट आठवा. 1656 च्या सुमाराचा, मोहम्मद आदिलशहाच्या कबरीवरचा. आतून मान वर केली की एकमेकांत गुंतलेल्या आठ कमानी दिसतात. चौकोनी खोलीवर गोल घुमट बसवायचा कसा, या अडचणीतून काढलेली ती वाट आहे. तुमच्या मुलाच्या वहीतली ती दोन चौकोनांची चांदणी, फक्त दगडात.

आत गेल्यावर हरीण शोधा. दहाव्या शतकातल्या स्पेनमधलं कांस्याचं हरीण, कोर्दोब्याच्या बाजूचं, अंगभर वेलबुट्टी. आपण ऐकत आलेलो असतो की इस्लामी कलेत प्राणी-माणसं नसतातच. मशिदीत आणि कुराणाच्या पानांवर नसतात. राजवाड्यात, घरात, ताटवाट्यांवर, गोष्टींच्या पोथ्यांत भरपूर असतात. मुलांना मात्र हे सांगत बसू नका. "हे कशासाठी केलं असेल?" असं विचारा आणि गप्प राहा. गप्प राहणं सगळ्यात अवघड आहे, मी आजही मनातल्या मनात वीसपर्यंत मोजते. माझी भाची म्हणाली खेळणं. भाचा खाली बसून तोंडाकडे बघत राहिला आणि म्हणाला, "हे आतून पोकळ आहे." मग दोघांनी मिळून शोधलं: हरणाच्या पोटातून पाणी चढायचं आणि तोंडातून हौदात पडायचं. कारंज्याचं तोंड होतं ते. तुम्हीही गुडघ्यावर बसा. सहा वर्षांच्या मुलीला तुमच्या उंचीवरून दिसणारं काहीच दिसत नाही, तिला टेबलाची कड आणि पाटीचा खालचा भाग दिसतो.

तिसरी वस्तू मी सासूबाईंसाठी निवडली असं समजा. मामलुक काळातले (हे इजिप्त-सीरियावर राज्य करणारे सुलतान) काचेचे मशिदीतले दिवे, फुगीर पोटाचे, वर मीनाकारीची अक्षरं. अशा अनेक दिव्यांवर कुराणातल्या प्रकाशाच्या आयतीचे, म्हणजे वचनाचे, शब्द असतात, चोविसाव्या सूऱ्यातली (अध्यायातली) पस्तिसावी आयत. तिचा आशय असा: परमेश्वर हा आकाशांचा आणि पृथ्वीचा प्रकाश आहे, त्याचा प्रकाश म्हणजे जणू कोनाडा, कोनाड्यात दिवा, दिवा काचेत आणि काच जणू लखलखता तारा. मी हे कसब्यातल्या एका आजींना सांगितलं होतं, नातवाला सोडायला आल्या होत्या. त्या म्हणाल्या, "आमच्या वाड्यात प्रत्येक कोनाड्यात पणती असायची." एवढंच बोलल्या आणि त्या दिवशी आमच्याबरोबर शेवटपर्यंत थांबल्या.

मुलासाठी ॲस्ट्रोलेब. पितळेची चकती, वर जाळी, जाळीच्या टोकांना ताऱ्यांची नावं. त्या जाळीला अरबीत 'अंकबूत' म्हणतात, म्हणजे कोळी. जाळी फिरवून आत्ता आकाशात कुठला तारा कुठे आहे, किती वाजले, नमाजाची वेळ झाली का, हे काढता यायचं. आपल्याकडे याला यंत्रराज म्हणायचे. महेंद्रसूरी नावाच्या जैन मुनींनी 1370 मध्ये फिरोजशहा तुघलकाच्या दरबारात त्यावर संस्कृतात ग्रंथ लिहिला. दहा वर्षांच्या मुलाला 'आधीच्या काळचा मोबाईल' असं सांगायचा मोह होतो, मलाही होतो. पण तसं म्हटलं की तो लगेच खरा मोबाईल मागतो.

आणि शेवटी, मांडलेला असला तर, शहाजहानचा जेड नावाच्या दगडाचा ताईत. छोटासा, फिकट रंगाचा, वर कुराणातली वचनं, 1631-32 चा. जून 1631 मध्ये मुमताज बाळंतपणात गेली. कुठे? बुऱ्हाणपूरला. भुसावळहून खांडव्याकडे जाणाऱ्या गाडीत बसलात तर रावेरनंतर लागतं ते. ताजमहाल आग्र्याला, पण ती गेली खानदेशाच्या वेशीवर, आणि आधी तिला पुरलंही तिथेच. अशा ताइताला हौलदिली म्हणतात. 'हौल-ए-दिल' म्हणजे काळजाची धडधड, घालमेल, आणि ती शांत व्हावी म्हणून जेड छातीशी बांधायचे. आता हा शब्द पुन्हा एकदा उच्चारा. आपण 'हवालदिल झालो' म्हणतो, तोच हा शब्द. भाच्याला हे सांगितलं तेव्हा तो काचेपाशी थांबून म्हणाला, "म्हणजे राजा हवालदिल झाला होता, आणि हे त्याचं औषध." मी आणखी काही बोलले नाही. ताइताचा उपयोग झाला का, असं मात्र त्यानं रात्री जेवताना विचारलं.

आता अवघड प्रश्नांबद्दल, कारण तुमची धास्ती त्यांचीच आहे. पुण्यातली मुलं हमखास दोन प्रश्न विचारतात. पहिला, यांचा देव कुठे आहे? मी सरळ सांगते: मुसलमान देवाची मूर्ती किंवा चित्र करत नाहीत, म्हणून प्रार्थनेच्या जागी सुंदर अक्षरं, नक्षी आणि उजेड असतो. एवढं पुरतं. दुसरा प्रश्न जरा मोठ्या मुलांचा: हे अफजलखानाचे लोक का? हसण्यावारी नेऊ नका आणि घाबरूही नका. मी म्हणते, अफजलखान विजापूरचा सरदार होता, आणि आपण बघतोय ती वस्तू त्याच्याही कित्येक शतकं आधीची, भलत्याच देशातली आहे. मग हवं तर हेही सांगा की शहाजीराजे निजामशाहीत होते आणि आदिलशाहीतही होते, म्हणजे लढाई आणि नोकरी दोन्ही त्याच दरबारांशी होती. दहा वर्षांच्या मुलाला हा गुंता समजतो. तो शाळेतल्या भांडणांतून रोज असल्या गुंत्यातून जात असतो. एखादं उत्तर आलंच नाही तर "मलाही माहीत नाही, पाटी वाचूया" म्हणा. याचा मुलांवर जितका परिणाम होतो तितका माझ्या एकाही उत्तराचा झालेला नाही.

'इस्लामी कला' या नावानं सासूबाई दचकल्या असतील तर त्यांना एवढंच सांगा, की तिथल्या बऱ्याचशा वस्तू पूजेच्या नाहीत. थाळ्या, सुरया, गालिचे, दागिने, पोथ्या, घड्याळं. केलेल्या सगळ्या मुसलमानांनीच असंही नाही, त्या त्या राज्यातले ख्रिस्ती, ज्यू आणि आपल्याकडे हिंदू कारागीरही त्यात होते. त्यांना पटेलच याची हमी मी देत नाही. माझ्या स्वतःच्या आत्याला अजून पटलेलं नाही.

बारीकसारीक गोष्टी पटकन सांगते. खांदे आणि गुडघे झाकतील असे कपडे घाला, सगळ्यांनीच. जाण्याआधी मुलांना भरपेट खाऊ घाला, रिकाम्या पोटी कला कोणालाच दिसत नाही. पेन नको, पेन्सिल आणि छोटी वही द्या. फ्लॅश मारू देऊ नका. एक मोठी काचेची खिडकी आहे, 45 मीटर उंच, तिच्यातून आखात दिसतं. मधली विश्रांती तिथे घ्या. आणि सव्वा तास झाला की मुलं "अजून थोडं" म्हणत असली तरी बाहेर पडा. तेव्हा निघालात तर ती पुन्हा यायला तयार असतात. शेजारीच मोठं उद्यान आहे, पळायला जागा आहे.

दोहाचं काही कारणानं फिसकटलं, किंवा हे वाचणाऱ्या दुसऱ्या कोणाला पुण्यातूनच हे करायचं असेल, तर मुंबईचं छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय आहे. त्याचा घुमट गोलघुमटावरूनच घेतलाय. तिथे बिदरी काम बघा आणि मुलांना त्यातली गंमत सांगा: भांडं जस्ताचं, त्यात थोडं तांबं, त्यावर चांदीची तार ठोकून बसवलेली. मग बिदरच्या किल्ल्यातली माती आणि नवसागर लावला की जस्त काळंकुट्ट होतं आणि चांदी तशीच पांढरी राहते. पूर्वी एकदा मी हे सांगितल्यावर एका मुलीनं घरी जाऊन आईच्या चांदीच्या वाटीला कुंडीतली माती फासली होती. आईचा फोन आला. वाटी निघाली स्वच्छ, काळजी नको.

आणि हो, खोडरबर विसरू नका. ठिपके पुसायला लागतो.